स्वल्प पॉलिश

गेल्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेदहा वाजता, बंगळूरच्या शिवाजीनगरमधल्या आमच्या दुकानात पॉइंट बत्तीसचं एक रिव्हॉल्वर आलं. त्यावर नंबर नव्हता.

आणणारे दोघे होते. सदाशिव शिंत्रे, वय शहात्तर, हवाई दलातून निवृत्त, मूळचे निपाणीकडचे, आता येलहंक्यात घर. परवाना त्यांच्या नावावर. सोबत जावई केदार, पस्तिशीचा, पुण्याहून इथं आलेला, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. रिव्हॉल्वर मिठाईच्या रिकाम्या डब्यात, पिवळ्या फडक्यात गुंडाळलेलं होतं. शिंत्र्यांनी डबा काउंटरवर ठेवला आणि हात मागे घेतले.

"तुम्हीच उघडा की," ते म्हणाले. "मला बघवत नाही."

फडकं सोडलं. आदल्या वर्षी हेच हत्यार दुरुस्तीला आलं होतं तेव्हा ते निळसर काळं होतं, कडांना थोडं झिजलेलं. आता ते स्टीलच्या पेल्यासारखं पांढरं झालं होतं. नळीत छताचा पंखा फिरताना दिसत होता. मुठीजवळच्या खाचेत हळदकुंकू अडकलं होतं. चौकटीच्या उजव्या बाजूला, जिथं सहा आकडे असायला हवेत, तिथं मला माझा चष्मा दिसला.

हत्यार भरलेलं नाही ना, हे आधी तपासलं. रिकामं होतं. त्या दिवशी बरोबर निघालेली तेवढी एकच गोष्ट.

आमचं दुकान परवाना असलेल्या लोकांच्या बंदुका, पिस्तुलं आणि रिव्हॉल्वर दुरुस्त करतं. विकत नाही. ते माझ्या मामांनी सुरू केलं. मी त्याआधी सात वर्षं बेळगावच्या एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो. दुसऱ्यांच्या वाक्यांतल्या चुका काढणं हे माझं काम होतं आणि ते मला बरं जमायचं. मामांची नजर कमी झाली तेव्हा इथं आलो, तो राहिलो. स्प्रिंगा, पिना, अडकलेले चाप हे मी बघतो. कागदपत्रं मी बघतो. धातूवरचं काम गफूरभाई करतात. ते मामांच्या काळापासून आहेत, सत्तरीला टेकलेत, आणि दुकानात माझ्या हुकुमाखाली आहेत असं फक्त परवान्याच्या कागदावर आहे.

या धंद्यात 'पॉलिश' या शब्दाचा अर्थ बाहेरच्या अर्थापेक्षा वेगळा आहे, आणि सगळी भानगड तिथून सुरू होते. हत्याराचा काळा-निळा रंग हा रंग नसतो. पोलादाच्या अंगावर मुद्दाम आणलेला आणि वेळीच थांबवलेला तो गंज असतो. तो पुढच्या गंजाला अडवतो. जुना झाला की तो काढून नवा चढवायचा, या सगळ्या कामाला आम्ही पॉलिश म्हणतो. म्हणजे पॉलिश करून आलेलं हत्यार चकचकीत नसतं, काळंच असतं. गफूरभाई हे काम हातानं करतात. घासकागदाच्या मागे लाकडाचा ठोकळा धरून, एकाच दिशेनं, कडा कडा राहील आणि अक्षर अक्षर राहील अशा बेतानं. एका रिव्हॉल्वरला तीन दिवस. मोटारीवर फिरणारं कापडी चाक दुकानात आहे, पण नंबर, शिक्का आणि कडा यांच्या जवळपास ते नेलं जात नाही. चाकाला कडा कळत नाहीत. ठोकून उमटवलेले आकडे कागदाच्या जाडीपेक्षा फार खोल नसतात. चाक तिथं रेंगाळलं की आकड्यांच्या भिंती वितळल्यासारख्या होतात, आणि मग आकडे जातात.

हे प्रत्येक ग्राहकाला सांगावं लागतं आणि बहुतेकांना ते ऐकायचं नसतं.

बंगळूरमध्ये खंडेनवमीला, म्हणजे इथल्या आयुधपूजेला, सगळं शहर पुसलं जातं. रिक्षा, बस, शिलाई मशीन, ऑफिसातले कॉम्प्युटर, कारखान्यातले लेथ. केळीचे खुंट बांधले जातात, चौकाचौकात कोहळे फुटतात. त्याबद्दल तक्रार नाही. लेथ वर्षातून एकदा साफ होतो यात लेथचं भलंच आहे. माझी तक्रार आदल्या आठवड्याबद्दल आहे. त्या आठवड्यात फोन सुरू होतात. "पूजेला ठेवायचंय, चमकायला पाहिजे." हत्यार चालायला पाहिजे असं म्हणणारा माणूस मला त्या आठवड्यात भेटलेला नाही.

एका कॉफीमळ्याच्या मालकानं पिस्तूल घरच्या मोलकरणीला घासायला दिलं. नारळाची शेंडी आणि तांब्याची भांडी घासायची पावडर. आमच्याकडे आलं तेव्हा आतल्या प्रत्येक फटीत गुलाबी लगदा होता. "बाई फार स्वच्छ आहे हो," एवढंच त्याचं म्हणणं. पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखानदारानं रिव्हॉल्वरचं गोळ्यांचं चाक सुटं करून स्वतःच्याच प्लेटिंगच्या टाकीत बुडवलं. धातूवर धातू चढला की जागा कमी होते, हे ज्याचा तोच धंदा आहे त्याला मी सांगायचं. गोळ्या आत जाईनात. तो वर मलाच म्हणाला, "मग तुम्ही आतून थोडं खरवडा. बाहेरून हात लावू नका, शाईन जाईल." मी त्याला दार दाखवलं. त्याला वाटलं मी दाराच्या मुठीच्या पॉलिशबद्दल बोलतोय.

हे किस्से मी इतकी वर्षं हसण्यासाठी सांगत आलो. शिंत्र्यांचं रिव्हॉल्वर काउंटरवर असताना हसू आलं नाही.

काय झालं ते केदारनं सांगितलं.

"ॲक्च्युअली काका, बाबा म्हणाले पॉलिश करायचंय. मी म्हटलं दुकानात कशाला, वीकेंडचं काम आहे. किट ऑनलाइन मिळतं. हँड ड्रिलला बफिंग व्हील लावलं, तीन व्हिडिओ बघितले. त्यातला माणूस पंचवीस मिनिटांत करतो. मला चार तास लागले."

"चार घंटे?" गफूरभाई आतून म्हणाले. "एकीच जगा पे?"

"नाही, सगळीकडे. फिनिश युनिफॉर्म यायला पाहिजे ना."

"हौ," गफूरभाई म्हणाले. "युनिफॉर्म तो आया."

"तेव्हा तुम्ही कुठं होता?" मी शिंत्र्यांना विचारलं.

"जेवून पडलो होतो. मीच कपाटातनं काढून दिलं. कुलूप माझं, किल्ली माझी." ते थांबले. "पूजेत सगळ्यांनी वा वा केलं. मीपण केलं. काल नूतनीकरणाचा फॉर्म भरायला बसलो. नंबर हत्यारावरनं बघूनच लिहायचा अशी माझी सवय. चष्मा लावला, भिंग घेतलं, खिडकीत गेलो. लेक म्हणाली, काय शोधताय? म्हटलं, नंबर शोधतोय."

परवान्याचं नूतनीकरण पुढच्या आठवड्यात होतं. त्यासाठी हत्यार नेऊन दाखवावं लागतं. अधिकारी परवान्यावरचा नंबर आणि हत्यारावरचा नंबर जुळवून बघतो.

बाहेरच्यांसाठी कायदा दोन वाक्यांत सांगतो. नंबर पुसलेलं हत्यार बाळगणं हा गुन्हा आहे. आणि असं हत्यार ज्याच्याजवळ सापडेल त्यानंच नंबर पुसला असं कायदा धरून चालतो. तसं नाही हे त्यानं सिद्ध करायचं. नंबर पुसतात ते चोर आणि त्यांच्याकडून माल घेणारे, म्हणून कायदा असा आहे. खंडेनवमीसाठी पुसला गेला, असा रकाना त्यात नाही. शिंत्र्यांच्या परवान्यावर सहा आकडे होते आणि डब्यात बिननंबरी रिव्हॉल्वर. हे तेच रिव्हॉल्वर कशावरून, या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. नोकरीत छत्तीस वर्षं ज्यांच्या नावावर एक शेरा नाही, त्यांच्यावर आता शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होण्याची शक्यता होती. त्यांना ते माझ्याआधी कळलं होतं. केदारला कळलं नव्हतं.

"बिफोर-आफ्टर टाकलंय की मी फॅमिली ग्रुपवर," तो म्हणाला. "बिफोरमध्ये नंबर दिसेल."

त्यानं फोन काढला. आधीचा फोटो डाव्या बाजूचा होता. नंतरचा उजव्या. खाली एकोणतीस अंगठे.

"बरं, मग परवान्यावर नंबर आहेच ना. तोच परत पंच करून द्या. सिंपल आहे."

गफूरभाई हात पुसत बाहेर आले. "सिंपलीच है बेटा. तुम घर जाते, मैं जेल जातूं. बिर्यानी भेजते क्या उधर?"

मी ओरडलो. ते लपवत नाही. दुकानातली मोटार बंद होती, त्यामुळे बाहेरच्या रिक्षावाल्यांनीही ऐकलं असणार. नंबर पुन्हा ठोकणं म्हणजे बनावट नंबर घालणं, हे सांगितलं. परवाना नसलेल्या माणसानं ते हत्यार चार तास हातात धरणं हाच वेगळा गुन्हा आहे, हे सांगितलं. व्हिडिओतल्या माणसाला पंचवीस मिनिटं लागतात कारण तो दुसऱ्या देशात बसून स्वतःची वस्तू खराब करत असतो, हेही सांगितलं. ज्या वस्तूचं काम काळं राहणं आहे तिला आरसा करायची हौस कुठून येते, हे विचारलं. केदार मान खाली घालून पिवळ्या फडक्याच्या घड्या घालत राहिला.

मग शिंत्रे बोलले. आवाज चढवला नाही.

"जावयावर कशाला ओरडताय मालक? गेल्या वर्षी तुम्हीच म्हणाला होता की. स्वल्प पॉलिश केलं तरी चालतंय."

"मी असं म्हणणं शक्य नाही."

"म्हणालात हो. इथंच, ह्या स्टुलावर बसलो होतो. मी विचारलं, रंग उडालाय, काय करू? तुम्ही म्हणालात, स्वल्प पॉलिश केलं तरी चालतंय. मी घरी जाऊन लेकीला पण सांगितलं."

"शिंत्रे साहेब, मी सात वर्षं वर्तमानपत्रात शब्द तपासण्याचं काम केलंय. पॉलिश हा शब्द ग्राहकासमोर मी असा सैल वापरत नाही. तुमची ऐकण्यात चूक झाली असेल."

"असेल," ते म्हणाले.

त्यानंतर मी वही काढली.

या वहीबद्दल सांगायला हवं. सरकारला दाखवायचं रजिस्टर वेगळं. त्यात तारीख, नाव, परवाना क्रमांक, हत्याराचा नंबर, सगळं इंग्रजीत. ही दुसरी वही मामांची. कुठलंही हत्यार आलं की मामा आधी नंबरवर पतंगाचा पातळ कागद धरायचे आणि पेन्सिल आडवी फिरवायचे. आकडे कागदावर उमटायचे. तो कागद वहीत चिकटवायचा, खाली तारीख, खाली ग्राहकाला दिलेली सूचना. आधी ठसा, मग चहा, मग तक्रार, असा मामांचा क्रम होता. ग्राहक वैतागायचे. एकदा कुणीतरी त्यांना विचारलं, पोलीस मागतात का हे? मामा म्हणाले, कुणीच मागत नाही. लिहिलेला आकडा हा माझ्या हाताचा असतो, ठसा हत्याराचा असतो, एवढंच त्यांचं म्हणणं. मामांनंतर मी ही पद्धत चालू ठेवली.

शिंत्र्यांचं पान सापडलं. ठशात सहा आकडे स्वच्छ होते. आणि शेवटच्या आकड्याच्या पुढे, तांदळाच्या दाण्याएवढी, तिरकी, एक पांढरी खूण.

"हे काय?" मी विचारलं.

शिंत्र्यांनी वाकून बघितलं. "घर बांधत होतो तेव्हा दगडी पायरीवर पडलं होतं. त्याचा टवका."

रिव्हॉल्वर उजेडात तिरकं धरलं. आकडे नव्हते. टवका होता. केदारचं चाक त्याच्यावरूनही फिरलं होतं, पण टवका आकड्यांपेक्षा खोल होता. कडा बोथट झाल्या होत्या, आकार तोच, कल तोच. गफूरभाईंनी ठशाचा कागद शेजारी धरला, भिंगातून दोन्ही बघितलं आणि मान हलवली. हे तेच रिव्हॉल्वर, हे सांगणारी शहरात एकच वस्तू होती आणि ती या पानावर डिंकानं चिकटवलेली होती.

त्याच्या खाली माझ्या अक्षरात एक ओळ होती.

'फिनिश जुने. मालकास सांगितले, स्वल्प पॉलिश केले तरी चालेल.'

मी वही मिटली. "ठसा आहे," दोघांना सांगितलं. "आत्ताच्या आत्ता परवाना शाखेत जायचं आणि आपण होऊन सांगायचं. हे हत्यार मी दुकानात ठेवून घेऊ शकत नाही आणि तुम्ही घरी नेऊ शकत नाही. कागदांच्या झेरॉक्स काढून आणा."

ओळीबद्दल काही बोललो नाही.

केदार झेरॉक्सला गेला. शिंत्रे बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. डबा मांडीवर, दोन्ही हात डब्यावर. बसस्टँडकडून येणारी माणसं त्यांच्या गुडघ्यांना घासून जात होती. एका फुलवालीनं त्यांना विचारलं, अज्जा, मिठाई कुणाच्या घरी?

आत गफूरभाई म्हणाले, "नीचे की लाइन नै पढ़े आप?"

"पढी."

"उनकू नै बोले."

मी म्हणालो, तेलाचं फडकं फिरवण्याला आपण दुकानात स्वल्प पॉलिशच म्हणतो, तुम्हीही म्हणता. ते म्हणाले, हौ, आपन बोलते. आपस में. मी म्हणालो, ठसा पानावरून सुटा करता येईल. वाफ दिली की डिंक सोडतो. शाखेला ठसाच हवा आहे.

"निकालो," ते म्हणाले. "मामू की वही है, आपकीच है अब. आज तक एक कागज निकला नै उसमें से, पहला आपका निकलता. कैकू नक्को?" आणि आत जाऊन त्यांनी मोटार सुरू केली, जेणेकरून मला पुढे बोलता येऊ नये.

किटली गॅसवर होती. मी पानाकडे बघत उभा राहिलो. शेवटी निर्णय झाला तो चांगुलपणामुळे झाला असं मी लिहिणार नाही. बातमीच्या टेबलावर सुट्या कागदाची किंमत शून्य असते. तारीख नाही, मागचं पान नाही, पुढचं पान नाही, तर तो कुणीही कधीही बनवू शकतो. ठसा वहीतून काढला की तो पुरावा राहत नाही. ठसा द्यायचा तर वही द्यावी लागणार होती, आणि वही द्यायची तर ती ओळ. पुसायचं म्हटलं तर पुसलेलं दिसलं असतं. पुसलेलं कसं दिसतं हे त्या दिवशी मला वेगळं शिकायची गरज नव्हती.

गॅस बंद केला. वही पिशवीत घातली.

परवाना शाखेत दुपारी अडीच वाजता आमचा नंबर लागला. अधिकारी चाळिशीतल्या बाई होत्या. बोलणं कन्नडमध्ये झालं. त्यांनी डबा उघडला, फडकं सोडलं आणि रिव्हॉल्वरकडे बराच वेळ बघितलं.

"यारु माडिद्दु?" कुणी केलं हे?

"नानु," शिंत्रे म्हणाले. मी.

केदार त्यांच्या शेजारी उभा होता. त्यानं बुटांकडे बघितलं.

शिंत्रे पुढे सांगत गेले. घरी कुणी नव्हतं. माझ्याच हातांनी केलं. म्हातारपण, दिसत नाही नीट. हवाई दलात शिकलेली सगळी शिस्त त्यांनी त्या खोट्यात घातली होती. तारीख, वेळ, क्रम सगळं नीट. बाई लिहून घेत होत्या. ड्रिल कुठल्या कंपनीचं, असं त्यांनी विचारलं. शिंत्र्यांना सांगता आलं नाही.

मी वही टेबलावर ठेवली आणि पान उघडलं. बाईंनी ठसा बघितला, भिंग मागवलं, टवका बघितला. परत ठसा, परत टवका. मापपट्टी लावली.

"सरी," त्या म्हणाल्या. हत्यार तेच आहे एवढं त्यांना पटलं. शिंत्र्यांनी खुर्चीची पाठ धरली.

बाईंचं बोट ठशाखाली सरकलं. "इदेनु?" हे काय?

अक्षर देवनागरी होतं. त्यांना त्यातलं थोडंच लागत होतं. मला म्हणाल्या, वाचा. मी वाचलं. फिनिश जुने. मालकास सांगितले, स्वल्प पॉलिश केले तरी चालेल.

शिंत्रे माझ्याकडे वळले नाहीत.

"स्वल्प अंद्रे एष्टु?" बाईंनी विचारलं. स्वल्प म्हणजे किती?

मी सांगितलं, तेलाचं फडकं फिरवणं एवढाच त्याचा अर्थ होता. दुकानात आम्ही तसं म्हणतो.

"ते इथं लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या.

सात वर्षं मी हेच वाक्य बातमीदारांना ऐकवत होतो. तुला काय म्हणायचं होतं ते इथं लिहिलेलं नाही. रस्ते 'लवकरच' होणार, म्हणजे कधी? 'काही' लोक जखमी, म्हणजे किती? अशा शब्दांभोवती लाल वर्तुळ करून कागद परत पाठवायचा, आणि पाठवताना जो राग यायचा तो मला रास्त वाटायचा. सकाळी केदारवर ओरडताना आलेला राग त्याच जातीचा होता. तोही रास्त होता. चार तास चाक धरणाऱ्या माणसाला थांबून एकदा बघावंसं वाटू नये, याचा मला आजही संताप येतो. पण त्याच्या हातात चाक देणारं वाक्य सैल होतं, ते माझं होतं, आणि ते मी बोललोच नाही असं मी एका शहात्तर वर्षांच्या माणसाला त्याच्या तोंडावर सांगितलं होतं.

"शिंत्रे साहेब," मी मराठीत म्हणालो, "तुमची ऐकण्यात चूक नव्हती."

"ठाऊक आहे की," ते म्हणाले. "वही मिटताना तुमचं तोंड बघितलं होतं मी."

त्यावर केदार बोलला. आधी हिंदीत, मग अडखळत इंग्रजीत. "मॅडम, मैंने किया. बाबा सो रहे थे. उनको ड्रिल चलाना भी नहीं आता."

"गप बस," शिंत्रे म्हणाले.

"नाही बाबा. ड्रिल माझं आहे, बिल माझ्या नावावर आहे. फोटो माझ्या फोनमध्ये आहेत. त्या बघणारच." त्यानं फोन टेबलावर ठेवला. बिफोर आणि आफ्टर.

बाईंनी शिंत्र्यांच्या जबाबाचा कागद बाजूला केला आणि नवा घेतला. तिघांचे जबाब व्हायला संध्याकाळचे सहा वाजले. रिव्हॉल्वर, डबा, पिवळं फडकं आणि ठशांची वही जप्त झाली. वहीची पोच मी मागून घेतली. खाली उतरल्यावर केदारनं रिक्षा थांबवली. शिंत्र्यांनी आत बसण्यापूर्वी मला विचारलं, "वही परत मिळेल का?" मी म्हणालो, माहीत नाही. "मिळायला पाहिजे," ते म्हणाले. "बाकीच्यांचे ठसे आहेत तिच्यात."

केदार रिक्षात बसता बसता म्हणाला, "काका, पण फिनिश खरंच चांगलं आलं होतं." शिंत्र्यांनी त्याच्या मांडीवर चापट मारली, आणि रिक्षा गेली.

दुसऱ्या दिवसापासून दुकानात पॉलिश हा शब्द बंद झाला. तेलाचं फडकं म्हणजे तेलाचं फडकं. रंग काढून चढवणं म्हणजे रंग काढून चढवणं. गफूरभाईंना हे लांबलचक वाटतं. ते चारचौघांत मला "लंबी लाइन" म्हणतात. यंदाच्या खंडेनवमीच्या आठवड्यात नऊ फोन आले. नऊ जणांना मी तेच सांगितलं: रिकामं आहे याची खात्री करा, मऊ फडक्यानं पुसा, आणि ठेवा. एकजण म्हणाला, एवढंच? चमकणार कसं? त्याच्याशी मी जे बोललो ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही.

हा मजकूर छपाईला देईपर्यंत खात्री झालेली माहिती अशी. प्रयोगशाळेला पुसलेल्या सहा आकड्यांपैकी चार वाचता आले. चारही ठशाशी जुळले. सदाशिव शिंत्रे यांच्यावर गुन्हा दाखल झालेला नाही. त्यांच्या परवान्याचं नूतनीकरण नाकारण्यात आलं आणि रिव्हॉल्वर सरकारजमा झालं. परवाना नसताना हत्यार हाताळल्याबद्दल केदारची चौकशी अजून चालू आहे. तो दर तारखेला हजर राहतो, आणि शिंत्रे त्याच्यासोबत जातात. यंदा येलहंक्याच्या घरी पूजेत शिंत्र्यांचे जुने पाने आणि पेचकस होते. त्यांच्या मुलीनं फोटो पाठवला. पाने काळे होते.

ठशांची वही आठ महिन्यांनी परत मिळाली. सगळी पानं आहेत.

दुकानाला लेखी ताकीद आली. पत्र कन्नडमध्ये आहे, एक पानी. ताकिदीचं कारण म्हणून वहीतली माझी ओळ अवतरणचिन्हांत भाषांतर करून दिली आहे. भाषांतर अचूक आहे. त्यातले दोन शब्द भाषांतरकाराला बदलावे लागलेले नाहीत: स्वल्प आणि पॉलिश.